घागरीचा रांजण

लातूर जिल्हा झाला त्याला चौथं वर्ष लागलं होतं आणि पावसानं पाठ फिरवली त्याला दुसरं. जिल्हा झाल्याबरोबर गावातल्या पाट्या भराभर बदलल्या. जिथं तिथं ‘तालुका’ पुसून ‘जिल्हा’ रंगवलं गेलं. नळ मात्र तालुक्याचेच राहिले. ते आठवड्यातून एकदा यायचे, आणि तेही घसा खाकरून परत जायचे.

गंजगोलाईत महादेवप्पा हलकुडे यांचं भांड्यांचं दुकान होतं. दुष्काळानं सगळ्या बाजाराची कंबर मोडली, पण महादेवप्पांच्या घागरी खपायला लागल्या. पाणी जितकं कमी, तितकी ते साठवायची भांडी जास्त, हा हिशेब त्यांना कुणी शिकवला नव्हता. बादल्या, हंडे, रांजण, टिपाडं, जे येईल ते उठत होतं. महादेवप्पा रोज सकाळी इष्टलिंगाच्या पूजेत पाऊस मागायचे. फक्त फार आग्रह धरायचे नाहीत.

पूजेचा त्यांचा नेम कडक. पहाटे डोक्यावरून स्नान, मग कपाळाला विभूती, मग गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, लिंगावरचं तीर्थ, आणि त्यानंतरच पाण्याचा पहिला घोट. तोवर थुंकीसुद्धा विचार करून गिळायचे. लग्नात, प्रवासात, तापात, कधी हा नेम मोडला नव्हता, आणि हे ते गिऱ्हाइकांना घागरीबरोबर फुकट सांगायचे.

अशा माणसाला हर्निया झाला. पितळी पातेल्यांची चवड उचलताना जांघेत काहीतरी सरकलं, ते परत जागेवर जाईना. डॉक्टर बोळेगावे म्हणून नवे सर्जन जिल्हा झाल्यावर गावात आले होते. त्यांनी बोट लावून पाहिलं आणि म्हणाले, “बुधवारी करू. भुलीच्या बाई बुधवारीच येतात.”

तेव्हा लातुरात भूल देणारे डॉक्टर इतके कमी, की बोळेगाव्यांना नांदेडहून बाई बोलवाव्या लागत. पहाटेच्या यष्टीनं त्या अहमदपूर, चाकूर करत यायच्या, दिवसभर माणसं निजवायच्या, उठवायच्या आणि संध्याकाळच्या यष्टीनं परत जायच्या. त्यांचं नाव दवाखान्याच्या पाटीवर नव्हतं. पाटीवर बोळेगावे होते, त्यांच्या पदव्या होत्या, आणि खाली ‘जि. लातूर’ होतं.

मंगळवारी सकाळीच दाखल व्हायचं होतं. सोमवारी रात्री नळ येणार होता, तो आला नाही. “दवाखान्यात करतो स्नान,” म्हणून महादेवप्पा पारोसेच निघाले. मागून त्यांची बायको गुरम्मा पिशवी, वळकटी आणि विभूतीचा गोळा घेऊन निघाली.

दवाखान्यात न्हाणीला कुलूप. टाकीत होतं तेवढं पाणी ऑपरेशनसाठी राखून ठेवलेलं. टँकर दहाला येणार होता. मग चारला येणार होता. चारनंतर कळलं की दुष्काळाची पाहणी करायला कुणी मोठी असामी हेलिकॉप्टरनं येणार असून, त्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून टँकर मैदान भिजवायला गेलाय.

“पाहणी झाली की येईल,” वॉर्डातला शेजारी म्हणाला.

गुरम्मा कुठूनशी तांब्याभर पाणी घेऊन आली. “उठा. हातपाय धुवा, विभूती लावा, पूजा करा आन् पाणी प्या. विभूती लावली की स्नान झालं. स्वामी कितींदा सांगिटले.”

“स्वामीचं सोड. डोक्यावरून पाणी घेतल्याबिगर मी लिंगाला हात लावलो न्हाई कधी.”

“लिंगाला तांब्या पुरतो. तुमालाच बादली लागती.”

“गुरम्मा, नेम म्हंजे नेम.”

“चाळीस वर्सं बादल्या इकून राहिलाव,” ती म्हणाली, “आन् एक भरून घेता आली न्हाई.”

वॉर्डात दोघं-तिघं हसले. महादेवप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. तांब्या तसाच राहिला. पूजा नाही म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून जेवण नाही. वैशाखातला दिवस पत्र्यासारखा तापून गेला.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. “आप्पा, रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही बरं का. पाणीसुद्धा नाही.”

“मी सकाळपासूनच काई घेतलो न्हाई,” महादेवप्पा अभिमानानं म्हणाले.

“अरे वा,” नर्सबाई म्हणाल्या. “असे पेशंट हवेत.”

सकाळी बोळेगाव्यांनी तेच विचारलं, कंपाउंडरनंही तेच विचारलं. काही खाल्लं नाही ना? काही प्यायलं नाही ना? जो तो एकाच बाजूनं विचारत होता. ‘नाही’ म्हटलं की समोरचा खूश. महादेवप्पांना वाटलं, आयुष्यभर पाळलेल्या नेमाची किंमत अखेर कुणाला तरी कळली. जीभ टाळूला चिकटत होती, पण शाबासकी मिळत असली की माणूस तहानही मिरवतो.

ऑपरेशनच्या खोलीत पहिला तंटा डबीवरून झाला.

“गळ्यातलं काढा,” बोळेगावे म्हणाले.

“हे निघत न्हाई, सायेब. हे निघालं तर मग आत मी बी न्हाई.”

“आप्पा, इथं नियम असतो.”

तेवढ्यात डोक्याच्या बाजूनं एक बाई आल्या. ठेंगण्या, तोंडाला फडकं, यष्टीच्या धुळीनं डोळे लाल. “राहू द्या, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “कमरेखाली तुमचा जिल्हा. वरचा माझा. माझ्या हद्दीत काही अडचण नाही.”

बोळेगावे हसले आणि हात धुवायला गेले. डबी राहिली. बाईंनी नाव सांगितलं, शिवगंगा, आणि हाताच्या शिरेत सलाईनची सुई घातली. दोनदा टोचावं लागलं. “शिरा दडून बसल्यात तुमच्या,” त्या म्हणाल्या.

“भ्याल्या असतील,” महादेवप्पा म्हणाले.

थोडं सलाईन गेल्यावर त्यांना वाकवून बसवलं. मणक्यात एक बारीक कळ उठली. मग तळव्यांना ऊब आली, जशी हिवाळ्यात चुलीपुढे येते. मग पाय जड झाले, आणि मग उरलेच नाहीत. आडवं केल्यावर त्यांनी अंगठा हलवून पाहिला. अंगठ्यानं दाद दिली नाही. कमरेखालचा मुलूख वेगळा झाला होता, नवी पाटी लागली होती, आणि कागदपत्रं अजून इकडून तिकडे जायची होती. महादेवप्पांना याचं हसू आलं. ते बाईंना सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर जांभई आली. मग दुसरी आली. मग मळमळायला लागलं.

छत लांब गेलं. कानात कुणीतरी पितळी परातीवर बोट घासत होतं. कपाळावर घाम आला, आणि त्याही अवस्थेत महादेवप्पांना आश्चर्य वाटलं की अंगात अजून घामापुरतं पाणी आहे.

“डॉक्टर, थांबा. चाकू ठेवा,” बाईंचा आवाज आला. “प्रेशर पडलंय.”

“किती?”

“लागतच नाही नीट. पाय वर करा कुणीतरी. टेबल तिरकं नको, औषध वर चढेल. नुसते पाय. दोन्ही.”

“हार्टचं काही असेल का?”

बाई नाडी शोधत होत्या. महादेवप्पांच्या मनगटावर त्यांची बोटं होती, आणि जग आता तेवढंच उरलं होतं, मनगटाएवढं. तेही दोराच्या टोकाला लागलेल्या घागरीसारखं खाली खाली चाललं होतं. गुरम्माला काहीतरी सांगायचं राहिलं होतं. काय ते आठवेना. बहुतेक, की तुझं बरोबर होतं. हे सांगायची सवय नसल्यानं ते सापडायलाही वेळ लागत होता.

बाईंचं तोंड अगदी कानाजवळ आलं. “आप्पा. अवो आप्पा. पूजा कधी झाली?”

बोळेगाव्यांनी मान वर केली. माणूस जातोय आणि या पूजेचं विचारतायत, असा चेहरा.

“आप्पा, शेवटची पूजा कधी केलाव?”

“सोमवारी,” महादेवप्पा म्हणाले. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

“आन् काल?”

“पाणी... नव्हतं न्हायला.”

“सोमवारपासून पाण्याचा थेंब नाही यांना,” बाई ताठ होत म्हणाल्या. त्यांचं बोलणं एकदम शुद्ध आणि भरभर झालं. “हार्ट नाही, कोरडे आहेत. दुसऱ्या हातालाही सलाईन लावा. जाड सुई. दोन्ही बाटल्या मोकळ्या सोडा, दाबून घाला. प्रेशर चढवायला मेफेन्टर्मिन द्या. ऑक्सिजन इकडे करा.”

मग काय काय झालं ते महादेवप्पांना नंतरही सलग आठवलं नाही. कुणीतरी त्यांचे पाय खांद्यावर धरून उभं होतं, ते पाय त्यांना दिसत होते, पण ते आपले आहेत असं वाटत नव्हतं. दोन्ही हातांत गार गार काहीतरी वर चढत होतं. आणि ती बोटं मनगटावर होती. एकदाही उचलली गेली नाहीत. घागर तळाला लागली, थोडा वेळ तिथंच डुचमळली, आणि मग कुणीतरी वरून दोर ओढायला लागलं, हात दुखेपर्यंत, न थांबता.

परातीवरचा आवाज थांबला. छत जागेवर आलं. त्यावर एक पाल होती.

“आली का?” बोळेगाव्यांनी विचारलं.

“आली,” बाई म्हणाल्या. “भरतेय नाडी. पाच मिनिटं द्या मला. मग करा तुमचं.”

हर्निया तसा नीट झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही, आणि चांगल्या ऑपरेशनची तीच खूण असते.

दुपारनंतर वॉर्डात भाऊबंद जमले. बोळेगाव्यांना हार, नारळ, पेढे. आत काय झालं ते कंपाउंडरकडून बाहेर आलं होतं, पण बाहेर येता येता त्याचं रूप पालटलं होतं. बोळेगाव्यांनी आप्पांना मरणाच्या दारातून ओढून आणलं, असं त्याचं झालं. बोळेगावे भले गृहस्थ. ते म्हणाले, “अहो, मी नाही, त्या बाईंनी.” लोकांना तो विनय वाटला आणि त्यांनी आणखी एक हार घातला.

भुलीच्या बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून डबा खात होत्या. गर्दी हटल्यावर त्या खाटेजवळ आल्या. “पाय हलतात?”

महादेवप्पांनी अंगठा हलवून दाखवला. जिल्हा पुन्हा जोडला गेला होता. “बाई, मला झालं काय ते सांगा. मेलो का होतो?”

“मेला नव्हता. निघाला होता.” त्या खाटेच्या कडेला टेकल्या. “हे बघा आप्पा, रक्ताच्या नसा म्हणजे नुसत्या नळ्या नाहीत. त्यांना स्नायू असतात, त्या सारख्या जरा आवळून धरलेल्या असतात. आवळून धरा, हा निरोप मणक्यातून जातो. आम्ही मणक्यात औषध घातलं की तो निरोपच बंद. खालच्या नसा सैल पडतात, रुंद होतात, आणि रक्त खालीच बसून राहतं. वर हृदयाला, मेंदूला पुरत नाही. सगळ्यांचंच होतं असं थोडंफार. पण अंगात पाणी असलं की निभावतं.”

महादेवप्पांनी डोळे मिटले. ते मनानं आपल्या दुकानात गेले आणि फडताळावर काहीतरी शोधू लागले. “म्हंजे,” ते डोळे न उघडताच म्हणाले, “घागर हुती तवर तेवढं पाणी गळ्यापर्यंत हुतं. तुम्ही घागरीचा रांजण केलाव. पाणी तेवढंच. तळाला गेलं.”

बाई हसल्या. “आणि तुम्ही घागरच अर्धी आणली होती.”

“समदे इचारले, काई पिलाव का, काई पिलाव का. न्हाई पिलं तर किती येळचं न्हाई, ते कोणीच इचारलं न्हाई.”

“मीही नाही विचारलं,” बाई म्हणाल्या. “शिर सापडत नव्हती तेव्हाच विचारायला हवं होतं. आता सगळ्यांना विचारीन.” मग म्हणाल्या, “पण जांभया द्यायला लागलात आणि हाताला ही डबी लागली, तेव्हा आमचे वडील आठवले. देगलूरकडचे आम्ही. नेम असाच. पाणी गेलं की पूजा नाही, पूजा नाही की पाणी नाही. दर उन्हाळ्याला घरात भांडण.”

गुरम्मा इतका वेळ उशाशी उभी होती. आता ती पुढे झाली. “बाई, आता पाणी चालतंय का ह्यास्नी?”

“चालतं. घोट घोट द्या.”

“चालतंय वो, पन पीत न्हाईत. पूजा व्हायाचीच हाय.”

बाईंनी महादेवप्पांकडे पाहिलं. महादेवप्पांनी छताकडे. पाल तिथं नव्हती, ती ऑपरेशनच्या खोलीतली होती. “ते सलाईन गेलं,” ते चाचरत म्हणाले. “त्यानं नेम मोडला का काय, हेच इचार करून राहिलो.”

“तोंडानं गेलं नाही. मोडला नाही,” बाई म्हणाल्या, इतक्या गंभीरपणे, की जणू पुस्तकात तसं लिहिलं असावं. मग त्यांनी आपल्या पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला, प्रवासात नेतात तो, घट्ट झाकणाचा. लातूरचं पाणी कसं असेल म्हणून त्या दर खेपेला नांदेडहून भरून आणायच्या. “गोदावरीचं आहे. मी दिवसभर जपून प्यायले, निम्म्याहून जास्त उरलंय. अक्का, पंचा भिजवून यांचं अंग पुसा. विभूती लावा. उठून बसायचं मात्र नाही, डोकं दुखेल. झोपूनच पूजा.”

महादेवप्पा म्हणाले, “बाई, तुमाला यष्टीत लागंल. नांदेडपस्तोर.”

“मी आज दोनदा पाणी प्यायलेय. तुम्ही?”

महादेवप्पांनी पंचा गुरम्माकडे सरकवला. गुरम्मानं पंच्याचं टोक ओलं करून त्यांचं तोंड, हात, छाती पुसली. कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली. डबी उघडून इष्टलिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. त्या हाताला सुईची पट्टी होती. महादेवप्पांनी आडवं पडूनच हात छातीवर धरला, गुरम्मानं बारीक धार सोडली.  ओंजळभर पाण्यात सगळं झालं. तांब्या पुरला, आणि वर उरला.

तीर्थाचा घोट ओठांना लागला तेव्हा महादेवप्पांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. बाईंनी ते पाहिलं आणि नाडी धरली. “चांगली खूण आहे,” त्या म्हणाल्या. “सकाळी एवढंही नव्हतं तुमच्यात.”

यष्टीची वेळ झाली म्हणून बाई घाईत गेल्या. तांब्या खाटेखालीच राहिला.

पुढं महिनाभर महादेवप्पा घरी पडून होते. भेटायला येणारे बोळेगाव्यांचं नाव काढायचे. गुरम्मा चहा ठेवता ठेवता म्हणायची, “हार एकाच्या गळ्यात आन् हात दुसरीचा.” शेवटी एका सोमवारी नळ आला. महादेवप्पांनी डोक्यावरून स्नान केलं, पूजा केली, दोन लोटे पाणी प्यायले आणि बाईंचा तांब्या घासायला घेतला. झाकणाची फिरकी सैल झाली होती. ती त्यांनी स्वतः कानशीनं नीट केली. राहिला प्रश्न भरायचा. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, एवढं भांडीवाल्याला सांगावं लागत नाही.

“पेढे भरा,” गुरम्मा म्हणाली.

“पाण्याचा तांब्या हाय. पाणीच भरतो.”

“लातुराचं पाणी नांदेडला? तिथं गोदावरी हाय वो. लोकं हासतील.”

“हासू दे.” त्यांनी गाळणं लावून तांब्या काठोकाठ भरला. “इथं पाणी म्हंजे काय ते इथल्याच माणसाला ठावं. आपल्याकडं जे कमी हाय तेच द्यावं माणसानं.”

यष्टीत चाकूरला लोक तांब्याकडे बघायला लागले, अहमदपूरला शेजाऱ्यानं विचारलंच, “तीर्थ हाय का, आप्पा?” महादेवप्पा म्हणाले, “हाव. गंजगोलाईचं.”

नांदेडात बाईंचं घर विचारत विचारत ते पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. दारातच भांडण ऐकू आलं.

“आण्णा, हट्ट करू नका. शुगर आहे तुम्हाला.”

“पाइप फुटला हे माझं पाप न्हवं. न्हाणं न्हाई तर पूजा न्हाई. मी सांगिटलो एकदा.”

ओसरीवर खुर्चीत एक वाळका म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. गळ्यात चांदीची डबी. बाई हातात वाटी घेऊन उभ्या, कपाळाला आठ्या. महादेवप्पांना पाहून त्या जागीच थबकल्या.

“आप्पा? तुम्ही? कसं वाटतंय आता?”

“बरं हाय. तांब्या द्यायला आलो,” महादेवप्पा म्हणाले. आभाराचं एक भाषण त्यांनी अहमदपूरपर्यंत पाठ केलं होतं. ते सगळं ओसरीच्या पायरीवर सांडलं. त्यांनी नुसता तांब्या पुढे केला, आणि मग हात मागे घेतला. पुन्हा एकदा म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यांनी चपला काढल्या, ओसरीवर चढले आणि खुर्चीसमोर मांडी घालून बसले.

“शरणु, आण्णा. मी लातूरचा महादेवप्पा हलकुडे. भांडी इकतो.”

“शरणु,” म्हातारा भिंतीला म्हणाला.

“एक इचारू? पूजा कधी झाली?”

म्हाताऱ्यानं मान वळवली. “काल.”

“माझी बी एकदा अशीच राहिली हुती,” महादेवप्पा म्हणाले आणि तांब्याची फिरकी उघडायला लागले. “तुमच्या लेकीनं वढून काढलं मला वर. हात पुढं करा. विभूती लावली की स्नान झालं. लिंगाला तांब्या पुरतो, आण्णा. बादली आपल्यालाच लागती.”

म्हाताऱ्यानं तांब्याकडे पाहिलं. “कुठलं पाणी?”

“लातूरचं.”

“लातुरात पाणी हाय?” म्हातारा म्हणाला. लेकीकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं, आणि गळ्यातल्या डबीवर हात ठेवून बसला. एवढ्या लांबून, एवढ्या कोरड्या गावाहून आलेलं पाणी परत कसं पाठवायचं, हा प्रश्न म्हाताऱ्याच्या नेमात कुठंच बसत नव्हता.

मग म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढे केले.

बाई विभूती आणायला आत गेल्या. बाहेर यायला त्यांना जरा वेळच लागला. महादेवप्पा बारीक धार सोडत राहिले, थेंबही वाया जाऊ न देता. त्यांना ती सवयच होती.